कसं झालं, विजू?

विजू, आधीच सांगून टाकते. पाठ करूनच बोलले.

तू नको म्हणाली होतीस, तरी. आत्ता समोर असतीस तर चष्म्यावरून बघत म्हणाली असतीस, "मास्तरीण ती मास्तरीणच." म्हण खुशाल. पण या वेळी माझं सगळं ऐकून घ्यावं लागेल, कारण मधेच तोडायची सोय तुला राहिलेली नाही. आपल्या भांडणाचा हा शेवटचा डाव मी एकटीच खेळणार आहे, त्यामुळे जिंकणारही मीच.

परवा तुझी गंधमुक्ती झाली, तुमच्याकडचं ते दिवसांचं कार्य, भेस्तानला समाजाच्या वाडीत. सुरतेत हॉललाही वाडी म्हणतात हे सांगलीहून आलेल्या मला बरेच दिवस माहीत नव्हतं. वाडी म्हटल्यावर मी झाडं शोधत होते. त्याच हॉलमध्ये आपण दोघी शनिवारी दुपारी बायकांना चारचौघांत बोलायला शिकवायचो. माइक तोच, खरखरणारा. सतरंज्याही त्याच. फक्त समोर टेबलावर तुझा फोटो होता, आणि तोही बँकेच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला. समोरच्याचा अर्ज नामंजूर करायच्या तयारीत असल्यासारखी दिसतेस त्यात. तुझा हसरा फोटो शोधायला कुणाला उसंतच मिळाली नव्हती.

हॉस्पिटलमधली ती दुपार मी विसरणार नाही. तुझी तन्वी चिकू सोलत होती. मराठीत सुरू करून गुजरातीत संपवणारी ही पोर त्या दिवशी सालांवरून नजर काढत नव्हती. तू मला खुर्ची जवळ ओढायला सांगितलीस आणि बँकेत शिपायाला सांगावं तशा आवाजात म्हणालीस, "नले, माझ्या गंधमुक्तीला एकच माणूस बोलेल. तू. बाकी कुणी माइकला हात लावायचा नाही. आणि पाठ करून बोलायचं नाही."

"आधी मर तर खरी," मी म्हणाले, "मग बघू."

तू हसलीस, इतकी की नर्स आत डोकावली. तन्वी मात्र हसली नाही. तिने तुझं बोलणं हुकूम म्हणून ठेवून घेतलं आणि माझं 'मग बघू' होकार म्हणून. तू गेल्यावर दुसऱ्याच दिवशी ती माझ्याकडे आली, डोळे सुजलेले, आणि म्हणाली, "मावशी, मम्मीने सांगितलंय ना, तूच बोलायचं. बीजुं कोई नहीं." तिला नाही म्हणायची माझी छाती नव्हती.

तुझ्या दोन अटी. एकच वक्ता, ही समाजाच्या हातातली. पाठांतर नाही, ही माझ्या हातातली. पहिली कशी जमवायची ते मला सुचत नव्हतं, आणि दुसरी पाळायची माझी इच्छा नव्हती.

पहिलीबद्दल तुझं म्हणणं मला पूर्ण पटत होतं, ते सांगते. तुमच्या खानदेशी माणसांची एक रीत मी इथे येऊनच पाहिली. विधी आटोपले की जेवणाची पानं पडायच्या आधी माइक फिरतो. श्रद्धांजली. समाजाचे अध्यक्ष बोलतात, माजी अध्यक्ष बोलतात, ज्यांना पुढे अध्यक्ष व्हायचंय ते तर हटकून बोलतात. आठवतं, उधन्याच्या त्या आजोबांच्या वेळी? एक गृहस्थ माइकवर आले, 'थोर समाजसेवक' म्हणाले आणि अडकले, कारण गेलेल्या माणसाचं नावच आठवेना. मग फोटोखालची अक्षरं वाचायला वाकले. त्यांच्यानंतरचे आपल्या निवडणुकीत शिरले. आचारी दारातून तिसऱ्यांदा डोकावून गेला. तू माझ्या कानात म्हणालीस, "आजोबा ऐकत असते तर उठून गेले असते." मी पदर तोंडाशी धरून हसले आणि लोकांना वाटलं रडतेय. एका काकूंनी तर पाठीवरून हात फिरवला.

पण पाठांतराचं म्हणशील, तर तिथे मी तुझं कधीच ऐकलं नाही, आणि तूही माझं नाही. आपली ओळखच त्या भांडणातून झाली. आमच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती, विषय 'श्रमाचे महत्त्व'. बँकेतून परीक्षक म्हणून तू आलेलीस. माझ्या विद्यार्थिनीचं भाषण मी स्वतः लिहून, हातवाऱ्यांसकट बसवून घेतलं होतं. 'सन्माननीय व्यासपीठ' म्हणताना हात कुठे, 'घाम' म्हणताना कुठे, सगळं ठरलेलं. पोरगी घड्याळाच्या काट्यासारखी बोलली. तिच्यानंतर दुसऱ्या वर्गातली एक मुलगी उभी राहिली. दोन वाक्यं झाली आणि पुढचं पार विसरली. तू परीक्षकाच्या खुर्चीतून म्हणालीस, "राहू दे ते. तुझ्या घरी कोण काम करतं, तेवढं मला सांग." ती तुझ्याकडे बघून घरच्यासारखी अहिराणीत बोलायला लागली, "मन्ही माय दिनभर साडीस्ना धागा कापस. शाळाना डब्बा बी तीच करस." असं बरंच काही. आणि तू पहिलं बक्षीस तिला दिलंस.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कार्यक्रम संपल्यावर मी तुला पायऱ्यांवरच गाठलं. "परीक्षकाने स्पर्धकाला मदत करायची नसते, मॅडम." तू शांतपणे म्हणालीस, "तुमच्या मुलीचं भाषण चांगलं होतं. पण ते तुमचं होतं. तुम्हाला बक्षीस द्यायची सोय नव्हती." मी काहीतरी तिखट बोलले. तू त्याहून तिखट. मग दोघींना एकाच बसने जायचं आहे असं लक्षात आलं, आणि उतरेपर्यंत तू मला नले म्हणायला लागली होतीस. सुरतेत मला नले म्हणणारं तोवर कोणी नव्हतं.

बायकांना बोलायला शिकवायची कल्पना तुझी. बँकेत खिडकीवर येऊन नुसतं पासबुक सरकवणाऱ्या, काय हवंय ते तोंडाने न सांगणाऱ्या बायका बघून तुला ती सुचली. नवरे मिलमध्ये, या घरी साड्यांची कामं करतात, आणि शाळेच्या पालकसभेत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये भिंतीला पाठ लावून बसतात. त्यांना तू गुजराती म्हणच ऐकवलीस पहिल्या दिवशी. 'बोले तेनां बोर वेचाय.' जो ओरडेल त्याची बोरं खपतील. मग मला म्हणालीस, "नले, तू घे अर्ध्या, मी घेते अर्ध्या. बघू कुणाच्या बोलतात."

माझ्या अर्ध्यांमध्ये मंगलाबाई होत्या. महिला दिनाच्या कार्यक्रमासाठी मी त्यांचं भाषण असं पक्कं करून घेतलं की झोपेत उठवलं तरी म्हटलं असतं. त्या माइकपाशी उभ्या राहिल्या आणि बोलेचनात. हॉल थांबला. मी खालून ओठ हलवून पहिलं वाक्य सांगतेय, 'सन्माननीय अध्यक्ष महोदय', 'सन्माननीय अध्यक्ष महोदय'. मंगलाबाई माझ्याकडे बघून मान हलवतायत. शेवटी माइकवरच म्हणाल्या, "ताई, कशी बोलू? खुर्ची खाली शे." खुर्ची रिकामी होती, अध्यक्ष चहाला बाहेर गेले होते. अध्यक्ष नाहीत तर अध्यक्ष महोदय कुणाला म्हणायचं, असा त्यांचा सरळ प्रश्न. अध्यक्षांना चहाच्या कपासकट आत आणलं, खुर्चीत बसवलं, आणि मंगलाबाईंनी एका दमात, एक अक्षर न चुकवता भाषण म्हटलं. तू महिनाभर हसत होतीस. फोनवर हॅलोच्या ऐवजी 'खुर्ची खाली शे' म्हणायचीस.

पण तुझ्या बाईंचं काय झालं, तेही सांगू दे की. पाठ नाही, कागद नाही, 'आपल्या माणसाला सांगतो तसं सांगायचं' एवढंच शिकवलेलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये गटाराच्या तुंबलेल्या पाण्याबद्दल बोलायला उभ्या राहिल्या. गटारावरून घरासमोरच्या चिखलावर आल्या, चिखलावरून त्यात घसरलेल्या नणंदेवर, आणि नणंदेवरून थेट तिच्या लग्नात पोचल्या. तिथे मानपानात काय काय झालं ते सगळं सांगून टाळ्या घेऊन खाली बसल्या. गटार जिथल्या तिथे. तेव्हा मी हसले, तर तू म्हणालीस, "पण ऐकलं ना सगळ्यांनी?" पडलीस तरी नाक वर.

तुझी स्वतःची तयारी मात्र मी मनातून मानत होते. तू कधी लिहायची नाहीस. जे बोलायचं ते आधी दोनतीन जणांना गप्पांत सांगून टाकायचीस. भाजीवाल्याला सांगायचीस, त्याची नजर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेली की तेवढा भाग गाळायचीस. घरी नवऱ्याला, सुधाकररावांना सांगायचीस, आणि ते म्हणाले, "असं नव्हतं हं झालं," तर दुरुस्त करायचीस. शेवटी मला सांगायचीस, आणि मी भुवया वर केल्या की जे काढून टाकायचं ते तुला कळायचं. स्टेजवर तू उभी राहिलीस की लोकांना वाटायचं, हिला हे सगळं आत्ताच सुचतंय. मला माहीत असायचं की याच्या तीन तालमी झाल्यात, फक्त त्यातली एक भेंडीच्या ढिगासमोर. तुला मी म्हणायचेच, "तूही पाठच करतेस गं, फक्त तोंडाऐवजी लोकांकडून करून घेतेस." ते तू कधी कबूल केलं नाहीस.

आणि तुझा तो दुसरा नियम, गर्दीशी बोलायचं नाही. "गर्दीला कान नसतात नले, एक माणूस पकड आणि त्याला सांग." हा नियम मी विनातक्रार पाळला, पण कसा पाळला ते तुला कधी सांगितलं नाही. आता सांगते. माझा तो एक माणूस कायम तूच होतीस. कतारगामला असो, उधन्याला असो, शाळेच्या निरोपसमारंभात असो, तू कडेच्या खुर्चीवर, पंख्याखाली बसायचीस आणि मी तुलाच सांगायचे. लोक म्हणायचे, नलिनीबाईंचं भाषण कसं थेट मनाला भिडतं. भिडणारच. ते एकाच मनासाठी केलेलं असायचं, बाकीचे आपले आजूबाजूला बसलेले.

तू चष्मा डोक्यावर सरकवलास की मी आटपायचं, ही आपली खूण. ती खूण बघून माझा किती संताप व्हायचा. चांगला मुद्दा रंगात आलेला असायचा आणि तुझा चष्मा वर. खाली उतरून मी तडक तुझ्याकडे यायचे आणि विचारायचे, "कसं झालं?" तुझं उत्तर वर्षानुवर्षं एकच. "लांबलं." दुसरा शब्द नाही. टाळ्यांचा कडकडाट झालेला असो, कुणी डोळे पुसत असो, तू पर्स उचलत म्हणायचीस, "लांबलं." मग आपण दोघी बाहेर पडून वाफाळता लोचो खायचो, सुरतेचा तो मऊ ढोकळ्यासारखा, आणि तिथे गाडीपाशी उभ्या राहून तू एकेक वाक्य सांगायचीस, कुठलं चांगलं होतं ते. ते मी घरी जाऊन आठवत बसायचे. तुझ्या एका चांगल्या वाक्यासाठी मी पुढच्या भाषणाची तयारी करत असे, हेही तुला सांगायचं राहिलं.

तर आता परवाचं.

इच्छा नसली तरी तयारीला लागले तेव्हा मी तुझी अट पाळायचं ठरवलं होतं, खरंच. मनात म्हटलं, विजूच्या पद्धतीने जाऊ, कुणाला तरी गप्पांत सांगून बघू. पहिल्यांदा भाजीवाल्यापाशीच गेले, तुझ्याच. त्याला म्हटलं, "भैया, ते बँकवाले मॅडम थे ना..." आणि पुढे शब्द फुटेना. त्याने माझ्याकडे बघितलं आणि न मागता कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकली. तिथेच कळलं की हे माझ्याने होणार नाही. तुझी पद्धत दुसऱ्या कुणावर बोलायला छान आहे गं. तुझ्यावर बोलायला ती मला पेलेना.

मग घरी येऊन लिहून काढलं, आणि नेहमीसारखं मोठ्याने म्हणायला लागले. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा पहिल्याच वाक्याला रडले. पुन्हा म्हटलं. पहिलं वाक्य पार पडलं, दुसऱ्याला रडले. असं सकाळी पोळ्या करताना, दुपारी कपडे वाळत घालताना म्हणत राहिले. प्रत्येक खेपेला रडू थोडं पुढे सरकायचं. एक परिच्छेद मोकळा झाला, मग दुसरा, आणि होता होता ते सगळं शेवटच्या एका वाक्यावर जाऊन बसलं. तिथून मात्र हलेना. तू पाठांतराला कुबडी म्हणायचीस ना? अगं, पाय मोडल्यावर कुबडीच लागते.

आता तुझी पहिली अट. हॉलवर पोचले तर सुधाकरराव दारातच. तुझा नवरा कधी कुणाला नाही म्हणालाय? अध्यक्षांच्या शर्टाच्या खिशात बोलणाऱ्यांच्या नावांची चिठ्ठी तयार होती. साक्रीकडची तुमची सगळी मंडळी आली होती, त्यांचाही मान होता. सुधाकरराव हळूच म्हणाले, "ताई, मी कसं सांगू यांना? नाव नाही घेतलं तर जन्मभर धरून ठेवतील."

तन्वी मागे उभी होती. तिचा चेहरा बघवत नव्हता. ती एवढंच म्हणाली, "पप्पा, मम्मीने एकच गोष्ट मागितली होती."

मी म्हटलं, "भाऊजी, लोकांना बोलायचंय, की नाव घ्यायला हवंय?"

त्यांनी आत अध्यक्षांकडे बघितलं. मग म्हणाले, "नाव घेतलं की झालं ताई. बोलायचं काय, बोलायला कुणाकडे काय असतं?"

"मग मला सगळी नावं सांगा. गावासकट, मानासकट."

विजू, जन्मभर तू माझ्या 'सन्माननीय व्यासपीठ'ला हसलीस. "तुझी नामावळी संपेपर्यंत लोकांची जांभई सुरू होते," म्हणायचीस. परवा त्याच नामावळीने तुझा शब्द राखला. सुधाकररावांनी दाराशी उभ्याउभ्या नावं सांगितली आणि मी ती तिथल्या तिथे पाठ केली. इतकी वर्षं वर्गाची हजेरी तोंडपाठ असलेली बाई मी, तेवढ्याने दमणार थोडीच. अध्यक्ष खुर्चीतून उठायच्या बेतात असताना मी माइकपाशी गेले आणि म्हटलं, "अध्यक्षसाहेबांच्या परवानगीने." परवानगी कुणी दिली नव्हती, पण असं म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? मग म्हटलं, "ज्यांचं नाव घेईन त्यांनी कृपा करून जागेवर उभं राहावं."

आणि घेतली सगळी नावं. अध्यक्ष, माजी अध्यक्ष, महिला मंडळाच्या ताई, तुझे मोठे दीर, मामेसासरे, तन्वीचे होणारे सासरे, कुणाचं गाव चुकलं नाही, कुणाचा मान खालीवर झाला नाही. एकेक जण उभा राहत गेला. नाव ऐकताना माणसाची मान जराशी ताठ होते, ते स्टेजवरून फार छान दिसतं. सगळे उभे झाल्यावर मी म्हटलं, "या सर्व मान्यवरांच्या मनात विजयाताईंबद्दल जे आहे, ते त्यांच्या वतीने मी सांगणार आहे. त्याआधी आपण सगळे असेच उभे राहून दोन मिनिटं शांत राहू." मग सगळा हॉल उठला. शांतता संपली, सगळे बसले, आणि ज्याच्या वतीने बोलणं व्हायचंय त्याला पुन्हा उठून बोलायचं कारणच उरलं नाही. अध्यक्षांनी खिशातून वर काढलेली चिठ्ठी पुन्हा आत सारली, आणि तीही समाधानाने. नंतर मला म्हणाले, "बाई, कार्यक्रम शिस्तीत झाला."

हे तू बघायला हवं होतंस. चष्मा डोक्यावर न सरकवता.

मग मी माझं बोलायला लागले. पंख्याखालच्या खुर्चीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण सवय जाते का? नजर तिकडेच गेली. खुर्चीत मंगलाबाई बसल्या होत्या. मुद्दाम बसल्या होत्या की जागा मिळाली म्हणून, ते मी विचारलं नाही. मांडीवर हात ठेवून, अगदी मी वर्गात सांगायचे तशा सरळ. मी त्यांना सांगायला लागले. स्पर्धेतली मुलगी सांगितली, पायऱ्यांवरचं भांडण सांगितलं, 'खुर्ची खाली शे' सांगितलं तेव्हा सगळा हॉल हसला आणि मंगलाबाई पदरात तोंड लपवून हसल्या. गंधमुक्तीला माणसं इतकी हसलेली मी पाहिली नव्हती. आवाज कुठे कापला नाही, शब्द कुठे अडला नाही. पाठांतर सांगत होतं आणि मी बोलत होते.

आणि शेवटचं वाक्य आलं. 'विजया आपल्यातून गेली, पण तिने दिलेला आवाज आपल्याकडे आहे.' तू म्हणशील, हा तर शाळेच्या फळ्यावरचा सुविचार. असेल. पण ते वाक्य मला म्हणता आलं नाही. 'विजया आपल्यातून' एवढं म्हटलं आणि पुढचा शब्द तोंडातच राहिला. तो म्हटला की तू खरोखर गेलीस. घरात इतक्या वेळा म्हटला होता, पण तिथे भिंती ऐकत होत्या. इथे तुझी लेक ऐकत होती.

मी थांबले. हॉल थांबला. कुणीतरी पाणी आणायला उठलं. मी त्याला हाताने बस म्हटलं आणि ते वाक्य सोडून देऊन पुढे बोलायला लागले.

काय बोलले ते मला आठवत नाही, विजू. मगाशी सांगितलं तेवढं सगळं भाषण मी आत्ता तुला शब्दन्शब्द म्हणून दाखवीन, अर्धविरामासकट. पण त्यानंतरचं काहीच नाही. पाठ नव्हतं ना. एवढंच आठवतं की मंगलाबाईंकडे बघत होते आणि तुझ्याशी बोलत होते. बहुतेक लोचोच्या गाडीचं काहीतरी होतं. बहुतेक भाजीवाल्याची कोथिंबीरही त्यात होती. तन्वी म्हणते, "मावशी, छेल्लुं, शेवटी जे बोललीस ना, ते मम्मीला सगळ्यात आवडलं असतं." मी विचारलं, "काय बोलले गं मी?" तर तिला रडू फुटलं, ती सांगेचना. मग मीही नाद सोडला. असू दे ते तुमच्या दोघींत. तू याला स्वतःचा विजय समजू नकोस. पाठ केलेलं होतं म्हणून तिथवर पोचले, हे माझं म्हणणं कायम आहे. तुझं काय म्हणणं असेल ते मला ठाऊक आहे आणि त्याला उत्तरही तयार आहे, पण आता कुणाला देऊ?

थांबायचं कुठे, ते मात्र कळेना. शेवटचं वाक्य तर मी मागेच सोडून आले होते, आणि खूण करणारं कुणी नव्हतं. एरवी तुझ्या चष्म्याचा राग राग करणारी मी, परवा त्या खुर्चीकडे सारखी बघत होते की कुणीतरी मला थांबवा. शेवटी मंगलाबाईच उठल्या. ज्या बाईला मी तोंड उघडायला शिकवलं, ती भरल्या हॉलमध्ये, माइक नसताना, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ताई, व्हयनं आते. बसा." आणि पुढे येऊन माझ्या हाताला धरून मला खाली उतरवलं. तुझ्याच खुर्चीवर बसवलं. पंखा जोरात होता. तुला तिथे थंडी कशी वाजत नसे, कोण जाणे.

मग पानं पडली. जेवताना एकेक जण येऊन सांगून गेला. अध्यक्ष म्हणाले, उत्तम. तुझे दीर म्हणाले, अशी श्रद्धांजली आमच्याकडे कुणाची झाली नाही. महिला मंडळाच्या ताईंनी तर त्यांच्या कार्यक्रमाचं आमंत्रणच दिलं. सुधाकररावांनी नुसते हात जोडले. छान बोललात, मनापासून बोललात, डोळ्यांत पाणी आणलंत. मी प्रत्येकाला मान हलवत होते आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते, की हा तरी म्हणेल. एवढी माणसं जेवून गेली, पण एकानेही म्हटलं नाही.

तू तरी सांग, विजू. कसं झालं?

ठाऊक आहे. लांबलं.